बंदरामागची बाग

वैशाख लागला की आमच्या फैजपुरात माणसं एकमेकांकडे जरा तिरकं बघायला लागतात. केळीच्या कापणीचे दिवस असतात. बागेत घड भरून आलेले, ऊन डोक्यावर, आणि व्यापाऱ्याचा माणूस मोटरसायकल रस्त्याकडेला लावून बांधाबांधाने चालत येत असतो. तो घडाखाली उभा राहतो, दोन बोटांनी एखादं केळ चाचपतो, मान हलवतो आणि म्हणतो, "दिल्लीले माल लागून नाही राह्यला." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे. आमचे वडील त्यावर शांतपणे विचारायचे, "मंग हे ट्रक भरभरून जाऊन राह्यले ते काय देवदर्शनाले?" व्यापाऱ्याचा माणूस हसायचा, वडीलही हसायचे, आणि दोघंही मनातून एकमेकांवर तिळमात्र विश्वास ठेवायचे नाहीत. संशय आमच्या घरात विळ्याच्या शेजारच्या खुंटीवरच टांगलेला असायचा.

मी तर या बाबतीत घराण्याची शान आहे. "अक्का पाणी पितानाही पेल्याचा तळ बघते," असं मंगला म्हणते. मंगला ही माझी भावजय. माझा धाकटा भाऊ वसंत. पण सगळं गाव त्याला आबा म्हणतं, त्यामुळे मलाही तीच सवय लागली. माझं अर्धं आयुष्य साक्रीच्या शाळेत इतिहास शिकवण्यात गेलं, आणि इतिहास शिकवणाऱ्या माणसाचा विश्वास सहसा कशावर बसत नाही. अमुक राजाने तमुक तळं बांधलं असं वाचलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, माती कोणी वाहिली? नोकरी संपल्यावर ट्रंक घेऊन भावाकडे राहायला आले, तेव्हा हा स्वभावही सामानात आलाच.

यंदाही कापणी सुरू झाली आहे. गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातल्या आहेत. रस्त्यावरून घडांनी भरलेले ट्रॅक्टर जातात, तेव्हा हिरव्या देठांचा तो ओला, तुरट वास घरात येतो. तो वास आला की मला काही वर्षांपूर्वीचा एक वैशाख आठवतो. त्या वैशाखात आम्ही तिघं रोज सकाळी ओट्यावर पोह्यांच्या डब्याला मोबाइल टेकवून बसायचो आणि जगाच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या एका बंदराचा इतिहास ऐकायचो.

सांगणारा होता भूषण, आबाचा एकुलता एक मुलगा. हॉटेलचं शिक्षण घेतलं, प्रवासी जहाजावर नोकरी धरली, आणि ते जहाज कॅरिबियन समुद्रातल्या ज्या बंदराला लागायचं तिथल्याच एका हॉटेलात कामाला राहिला. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक नकाशात शोधतात, आणि पुढच्या सुट्टीत तिकडे निघतात.

भूषण परत येणार की नाही, एवढा एकच प्रश्न त्या उन्हाळ्यात आमच्या घरात होता. तोंडाने कोणी विचारत नसे. आबाचे गुडघे गेले होते. बाग त्याच्याने होत नव्हती. केळीचं असं असतं की एका खोडाला एकदाच घड येतो. घड कापला की त्या खोडाचं आयुष्य संपलं. पण त्याच्या बुडाशी पिलं फुटलेली असतात. त्यातलं एक राखायचं, बाकीची काढून टाकायची, आणि राखलेलं पिल पुढच्या वर्षी घड देतं. ज्याला शेती चालू ठेवायची तो पिल राखतो. ज्याला बाग मोडायची तो सगळीच काढतो. आबाने त्या वर्षी प्रत्येक खोडाशी एकेक पिल राखायला सांगितलं होतं. कशासाठी, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

भूषणच्या कराराची मुदत आषाढाच्या सुमारास संपणार होती. "येतो," म्हणाला होता. मला त्या 'येतो'चा आवाज पसंत नव्हता.

त्याने पाठवलेला पहिला व्हिडिओ मला अजून दिसतो. निळंशार पाणी, आणि काठावर पिवळी, गुलाबी, पोपटी रंगाची घरं. रंग इतके ताजे की हात लावला तर बोटाला येतील. जहाजातून गोरे प्रवासी उतरत होते आणि धक्क्यावर दोन्ही बाजूंना बायका नाचत होत्या. पांढरीशुभ्र, इस्त्रीची पोलकी, रंगीत घागरे आणि डोक्यावर केळीचा अख्खा घड. एका हाताने घड धरून त्या गिरक्या घेत होत्या. मंगलाला फार आवडलं. "पाहा ना, कशा हसून राह्यल्या!" ती म्हणाली.

आबाने चष्मा लावला, मोबाइल नाकाजवळ नेला आणि बराच वेळ बघितलं. मग कापणीच्या टोळीचा मुकादम सुकदेव चहाला आला होता, त्याच्याकडे मोबाइल दिला. सुकदेव साक्रीकडचा; माझ्याशी तो नेहमी अहिराणीत बोलतो, कारण मला ती येते याचं त्याला कौतुक आहे. त्याने एकदाच पाहिलं आणि बशी खाली ठेवली.

"अक्का, हाई बठ्ठं खोटं शे," तो म्हणाला. "खरा घड डोकावर लिसन कोन नाची?"

"आन कपडे पाह्य," आबा म्हणाला. "एकीच्याबी कपड्यावर डाग नाही. केळीत राहून डाग नाही म्हंजे काय?"

डागाचं आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्याला सांगते. केळीचं खोड, देठ, पान कुठेही कापा, पाण्यासारखा चीक येतो. कपड्यावर पडला तेव्हा दिसतही नाही. मग वाळतो, तपकिरी होतो, आणि त्यानंतर तुम्ही साबण लावा, लिंबू लावा, देवाला नवस करा, तो जात नाही. आमच्या पट्ट्यातल्या माणसाचा शर्ट बघून तो कोण, हे रेल्वेच्या डब्यातसुद्धा ओळखता येतं. पाचोऱ्याच्या स्टेशनवर एकदा एका अनोळखी माणसाने आबाला शर्टावरून ओळखून विचारलं होतं, "रावेरचे की यावलचे?"

दुसऱ्या दिवशी भूषणला विचारलं, तर तो खो खो हसला. "प्लॅस्टिकचे आहेत, आत्या! जहाज येतं त्या दिवशी त्या बायका घड घेतात, फोटो काढू देतात. जहाज गेलं की गोदामात ठेवतात."

"आणि तुमच्या हॉटेलात खातात ती?"

"ती खोक्यातून येतात. दुसऱ्या देशातून."

आबा तंबाखू मळायला लागला. मला मात्र रात्रीच्या जेवणातही ते प्लॅस्टिकचे घड दिसत राहिले. खोटं दागिन्यांचं ऐकलं होतं, तुपाचं ऐकलं होतं. केळीच्या गावात खोटी केळी कशाला लागावी? जिथे खोटी वस्तू मांडून ठेवतात तिथे खरी कधीतरी होती, आणि ती कशी गेली हे कोणाला तरी सांगायचं नसतं. इतिहासाच्या बाईला एवढं पुरेसं होतं. मी भूषणच्या मागे लागले.

तो ज्या घराच्या वरच्या खोलीत राहायचा, त्या घराची मालकीण होती मिस आयव्ही. सत्तरी ओलांडलेली, काळीसावळी, उंच बाई. तिला विचारून विचारून भूषण रोज थोडं थोडं सांगायचा. आमची सकाळ ती त्याची संध्याकाळ. मी भाकरी थापताना ऐकायची, आबा तंबाखू मळताना. मंगला मधूनच विचारायची, "जेवला का?" आणि इतिहास तेवढ्यापुरता थांबायचा.

आधी तिथे ऊस होता. उसासाठी आफ्रिकेतून माणसं गुलाम म्हणून आणली. बंदराच्या तोंडाशी किल्ला आहे, तोफा आहेत. तिथे आता परदेशी जोडपी लग्नं लावतात. उसाची सद्दी संपली तेव्हा कोण्या जहाजाच्या कप्तानाने केळीचे चार घड सोबत नेले, थंड मुलखात विकले, आणि त्याचं नशीब फळफळलं. बघता बघता मागच्या डोंगरउतारांवर केळीच केळी झाली. धक्का बांधला, गोदामं बांधली. बोट आली की डोंगरातल्या वाड्यांना शंख फुंकून कळवायचे. शंख ऐकला की बाया, माणसं, पोरं घड कापायची आणि डोक्यावर घेऊन बंदराकडे धावायची, कारण बोट थांबायची नाही. मिस आयव्हीची पणजी अशी डोक्यावरून घड वाहायची. ती म्हातारपणी शंखाचा आवाज ऐकला की मान आखडते म्हणायची.

"आन भाव कोन ठरवे?" आबाने विचारलं.

भूषणने तिकडे विचारून सांगितलं, "बोटवाली कंपनी."

"म्हंजे 'माल लागून नाही राह्यला' तठीबी हाये," आबा म्हणाला, आणि त्या दिवशी प्रथमच त्याला ते गाव जरा आपलं वाटलं असावं.

पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली, म्हणजे सगळ्यात जास्त संशयास्पद वाटली. केळी उतरवून बोटी रिकाम्या परत यायच्या. रिकामं परतणं कोणत्याही मालकाच्या जिवावर येतं. आमच्या ट्रकवाल्यांना विचारा, दिल्लीला केळी टाकली की परतीच्या भाड्यासाठी ते दोन दोन दिवस ढाब्यावर पडून राहतात. कंपनीने युक्ती काढली. थंडीने गारठलेल्या श्रीमंतांना सांगितलं, चला, तुम्हाला ऊन दाखवतो. त्यांच्यासाठी पांढऱ्या बोटी, खुर्च्या, वाद्यं. मग बंदरावर त्यांच्यासाठी हॉटेल. त्या गावचं पर्यटन हे असं, केळीच्या परतीच्या भाड्यातून जन्मलं. पर्यटनाच्या पुस्तिकेत मात्र लिहिलंय म्हणे, की निसर्गाने या गावाला पाहुण्यांसाठीच घडवलं आहे. निसर्गावर काहीही खपवता येतं, तो काही बोलायला येत नाही.

मग बागांत मर रोग शिरला. पानं पिवळी पडून लोंबली, खोडं आतून सडली. हे ऐकताना आबाचा तंबाखू मळणारा हात थांबला. आमच्याकडेही रोग आला की आधी कोणी तोंडाने कबूल करत नाही; शेजारी कुंपणाआडून हळूच आपली पानं बघतो आणि मग आपल्यालाच विचारतो, तुमच्याकडे काही आहे का? तिथे रोगामागोमाग वादळं आली. कंपनीने हिशेब केला आणि दुसऱ्या देशात बागा लावल्या. एका मोसमात शंख वाजलाच नाही. लोक वाट बघत राहिले, घड झाडावर पिकले, पाखरांनी खाल्ले. ज्यांच्याकडे फक्त ऊन आणि पाणी उरलं त्यांनी तेच विकायला काढलं. आता जहाजं इतकी मोठी येतात की प्रवासी जेवतात जहाजावर, झोपतात जहाजावर. गावात उतरतात ते काही तास, प्लॅस्टिकच्या घडासोबत फोटो काढायला. एकदा भूषणने बोलता बोलता चुकून मोबाइल खिडकीबाहेर फिरवला. जहाज नुकतंच गेलं होतं. तीच पिवळी-गुलाबी घरं, पण दारं बंद, रस्त्यावर एक कुत्रं, आणि एक बाई पायरीवर बसून सुजलेले पाय चोळत होती. मला ते गाव त्या एका क्षणात जेवढं कळलं तेवढं बाकी सगळ्या गप्पांत कळलं नाही.

यंदा लग्नाला धुळ्याला जाताना रस्त्यात एक नवी पाटी दिसली. शेतावर या, चुलीवरची भाकरी खा, बैलगाडीत बसा. मी जीप थांबवून आत गेले. शेत नीटनेटकं होतं. बैल मात्र मला बघून बावरले. त्यांना शेतात काय करायचं ते ठाऊक नसावं. मालकाला विचारलं, बैल घरचे का? तो म्हणाला, "नाही मावशी, शनिवार-रविवार मागवतो." माझ्याबरोबरच्या मंडळींनी भरीत-भाकरी चाटूनपुसून खाल्ली, आणि चव चांगलीच होती हे मीही कबूल करते. पण दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे वाक्य आमच्या आईने आम्हाला दुधाबरोबर पाजलं आहे. त्याला इलाज नाही.

तर तो वैशाख. तो संपत आला होता तेव्हाची एक सकाळ. भूषण बोलत होता, नेहमीसारखा हसत होता. म्हणाला, हॉटेलात आता पुढच्या काउंटरला बसतो, पाहुण्यांना खोल्यांच्या किल्ल्या देतो. आणि मला त्याच्या शर्टाच्या कॉलरखाली तपकिरी डाग दिसला. एक नाही, दोन-तीन. खांद्यापासून छातीकडे ओघळ गेलेला. घड खांद्यावर घेतला की देठाचा चीक अगदी तिथेच गळतो.

मी आबाकडे पाहिलं. तो मोबाइलकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून त्यालाही दिसलं होतं हे मला कळलं. मंगला विचारत होती, "जेवला का?" फोन बंद झाल्यावर आबा म्हणाला, "ऊन लागून राह्यलं," आणि आत गेला. ऊन ओट्यावर अजून आलंही नव्हतं.

दुसऱ्या कुठल्या घरात कॉफीचा डाग म्हणून सोडून दिलं असतं. आमच्या घरात चूल पेटली तरी घास उतरेना. मला तर झोपेतही तेच. मी मुलांना गिरमिटियांचा धडा शिकवत आले होते. गोड बोलणारे दलाल, कागदावर अंगठा, समुद्रापार उसाचे मळे. आणि घरी सांगायला कायम एकच, आम्ही मजेत आहोत. त्याच बेटांवर आपली माणसं तशी नेलेली होती. काउंटरची नोकरी गेली असेल, पासपोर्ट काढून घेतला असेल, कोण्या मळेवाल्याकडे पोरगं हमाली करत असेल आणि आईबापाला हसून दाखवत असेल. ज्या केळीतून बाहेर पडावं म्हणून आबाने त्याला शिकवलं, तीच केळी सातासमुद्रापलीकडे त्याच्या मानेवर बसली असेल. आबा आणि मी एकमेकांशी यावर चकार शब्द बोललो नाही. पण दोघंही सकाळी मोबाइलमध्ये चेहरा बघायच्या आधी कॉलर बघायला लागलो. डाग वाढत होते.

मी आडून आडून विचारलं. हॉटेलचं नाव काय रे, वरचा साहेब कसा आहे, गणवेश देतात का, धुतं कोण? शाळेत खिशात चिंचा लपवलेली पोरं मी याच पद्धतीने पकडली होती. भूषण सगळ्याची उत्तरं द्यायचा आणि एकही धड द्यायचा नाही. शेवटी म्हणाला, "आत्या, तू पोलीस आहेस का?" मी हसले. माझा संशय पक्का झाला.

मग एके सकाळी योग जुळला. आबा दवाखान्यात गेला होता, मंगला गच्चीवर. बोलता बोलता खालून कोणी भूषणला हाक मारली, तो "आलो" म्हणून मोबाइल टेबलावर ठेवून गेला, आणि पडद्यावर मिस आयव्हीचा चेहरा आला. ती त्याच्यासाठी ताट घेऊन आली होती. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तिचं इंग्रजी मला निम्मं कळलं, माझं तिला पाव. पण दोन म्हाताऱ्या बायकांना भांडायला किंवा समजून घ्यायला एवढी भाषा पुरते.

मी सरळ विचारलं, त्याच्या शर्टावर ते डाग कशाचे?

तिने दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, केळीचे. घरामागे तिची बाग आहे, थोडीशीच, पणजीच्या वेळेपासूनची. गावात आता कोणी लावत नाही. तिचा मुलगा मोठ्या देशात गेला. येतो येतो म्हणतो. तिला आता खांद्यावर घड पेलत नाही. भूषणने एक दिवस खिडकीतून तिला घड ओढताना पाहिलं आणि काउंटरच्या नोकरीवरून आला तसा, बूट न काढता बागेत उतरला. तेव्हापासून रोज संध्याकाळी उतरतो. "त्याला कोणी शिकवलं?" तिने विचारलं. "हात तर जाणत्याचे आहेत."

 आमच्या बागेत त्या पोराने उभ्या जन्मात विळा धरला नव्हता. आबा कापायचा, हा बांधावर बसून अभ्यासाचं पुस्तक धरायचा. बघून बघून शिकला असणार.

तेवढ्यात मिस आयव्ही पडद्याच्या अगदी जवळ आली. तिचे डोळे बारीक झाले होते. ती नजर मी ओळखते. आरशात रोज बघते. तिने विचारलं, "तुम्ही त्याला न्यायला फोन करता का?"

 मी, सगळ्या जगावर संशय घेणारी, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई माझ्यावर संशय घेत बसली होती. आणि तिचा संशय खरा होता. मी म्हटलं, "तो आमचा मुलगा आहे." ती म्हणाली, "हो, ते तर आहेच." आणि ताट ठेवून निघून गेली.

आबाला मी त्याच दुपारी सांगितलं. आधी त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. पोरगं सुखरूप होतं, फसलेलं नव्हतं. मग हळूहळू तिथे दुसरंच काही आलं. "आपल्या बागीत कधी आला नाही," तो म्हणाला. "परक्या बाईच्या बागीत बरा उतरला." त्यानंतर दोन दिवस तो ओट्यावर बसलाच नाही. तिसऱ्या दिवशी बसला आणि भूषणने तोंड उघडायच्या आत म्हणाला, "पिल किती ठेवते ती बाई? तीन-तीन ठेवत असंन त घड बारीक पडीन. एकच राख म्हना. आन घड कापताना खोड अर्ध्यातून वाकव, खाली आदळू नको." भूषण आधी चपापला, मग माझ्याकडे बघून हसला, आणि मग कान देऊन ऐकायला लागला. बापलेक इतकं कधी बोलले नव्हते. मंगला पदराने डोळे पुसत होती. मी आबाचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते. तो पोराला शिकवत होता, की इथे येऊन काय काय करायचं आहे याची उजळणी करून घेत होता? मला वाटतं, त्याचं त्यालाही माहीत नसावं.

आज आमची बाग सुकदेव निमबटाईने, अर्ध्या वाट्यावर करतो. चांगली करतो. आबा सकाळी काठी घेऊन बांधापर्यंत जातो, व्यापाऱ्याच्या माणसाशी वाद घालून येतो, आणि त्या दिवशी त्याला दोन घास जास्त जातात. भूषणचे फोन येतात. मंगलाने एका भिंतीवर त्या बंदराचा फोटो लावला आहे. येणारे-जाणारे म्हणतात, काय सुंदर गाव आहे! मी त्यांना खरं-खोटं काही सांगत नाही.

हे असं कसं झालं, तेवढंच सांगायचं राहिलं. ज्येष्ठाच्या शेवटाला त्या बेटावर वादळ आलं. बातमीत त्या बंदराचं नाव दोनदा आलं. तीन दिवस फोन लागला नाही. त्या तीन दिवसांत मंगलाने देवघर सोडलं नाही, आणि आबा बागेतल्या प्रत्येक खोडाला हात लावत फिरत होता. मग एका सकाळी फोन वाजला. भूषण होता. दाढी वाढलेली, शर्ट फाटलेला, मागे छप्पर नसलेल्या भिंती. हॉटेल बंद होतं. रंगीत घरांचे रंग उडाले होते. मिस आयव्ही धडधाकट होती, पण तिची बाग सगळी आडवी झाली होती. तिचा मुलगा येऊ शकत नव्हता.

"माझं तिकीट आहे," भूषण म्हणाला. "आठवड्यात विमानं सुरू होतील म्हणतात."  नंतर म्हणाला, "आबा, काय करू?"

ज्याला यायचंच असतं तो काय करू असं विचारत नाही. हे मला कळलं, तसं आबालाही कळलं असणार.  रस्त्यावरून केळीचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत आबा बसून राहिला. मग घसा साफ करून म्हणाला, "म्हातारी बाई एकटी काय करीन? तिची बाग उभी करून दे, मंग ये. आडवं झालेलं खोड कापून टाक, बुडाचं पिल जगवजो. ते जगते."

आता केळीची बाग कधी कोणी उभी करून संपवली आहे का? एक खोड पडतं, दुसरं वर येतं, त्याचा घड कापेपर्यंत तिसरं पायाशी तयार. माणूस त्यातून मोकळा होतच नाही. हे आबाला कोणी सांगायची गरज नव्हती. मला वाटतं, त्याने मोठ्या मनाने सांगितलं. आणि मला हेही वाटतं की, पोरगं नाही म्हणेल, 'नाही आबा, मी येतो' म्हणेल, या आशेवर सांगितलं. दोन्ही खरं असू शकतं.

"बरं आबा," भूषण म्हणाला.

फार पटकन म्हणाला. आणि त्याचा आवाज हलका झाला, पाठीवरचं ओझं कोणी उतरवून घ्यावं तसा. मंगलाला ते कळलं नाही. ती विचारत होती, जेवणाचं काय करता रे? पण मला तो आवाज लख्ख ऐकू आला. आयुष्यभर मी हेच तर करत आले होते, माणूस काय म्हणतो ते सोडून कसं म्हणतो ते ऐकणं.

फोन बंद झाला. मंगला डोळे पुसत आत गेली. आबा मोबाइल हातात धरून बसला होता. त्याचे कान हल्ली जरा जड झाले आहेत. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "अक्का, कसा बोलला तो? खुश व्हता का?"

"नाही रे," मी म्हटलं. "गळा दाटला होता त्याचा. बोलवत नव्हतं."

आबाने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, चांगलं निरखून. तो माझाच भाऊ आहे, एकाच आईच्या हातचं खाऊन वाढलेला. पुढे त्याने एकही प्रश्न विचारला नाही.